‘बेरीज द्या’ म्हणजे नक्की काय करा? पायथनच्या सरावप्रश्नांसाठी लेखनाचे नियम कसे ठरवावेत

‘दोन संख्या घेऊन त्यांची बेरीज देणारे फंक्शन लिहा.’

आमच्या सराव-वहीतला हा सतरावा प्रश्न. आठवीतल्या एका मुलीची शनिवारची अख्खी संध्याकाळ या एका वाक्यात गेली. तिने फंक्शन, म्हणजे कोडचा नाव दिलेला तुकडा, लिहिलं, आत बेरीज केली आणि प्रिंट वापरून ती पडद्यावर छापली. आमचा तपासणीचा कोड मात्र फंक्शनने बेरीज परत करावी या हिशेबाने लिहिलेला होता. त्यामुळे पडद्यावर आधी १२ आला आणि त्याच्या खाली ‘नन’, म्हणजे पायथनच्या भाषेत ‘काहीच नाही’. “ताई, बेरीज तर बरोबर आली, मग हे नन कुठून आलं?” तिने चार वेळा कोड पुसून पुन्हा लिहिला होता. मी वही मागे उलटली. नवव्या प्रश्नात ‘उत्तर द्या’ असं होतं आणि तिथे त्याचा अर्थ ‘छापा’ असाच होता. नववा प्रश्न माझा, सतरावा माझ्यासोबत शिकवणाऱ्या काकांचा. मुलीने आम्ही शिकवलं तेच केलं होतं.

आम्ही तिघं जण बडोद्यात दांडिया बाजारजवळच्या एका जुन्या घराच्या माडीवर शनिवार-रविवार संध्याकाळी मुलांना पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा शिकवतो. मी, बँकेतून निवृत्त झालेले एक काका, आणि दिवसा सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी करणारा एक तरुण मुलगा. मुलं सातवीपासून बारावीपर्यंतची. घरी मराठी बोलणारी, शाळा बहुतेकांची गुजराती किंवा इंग्रजी माध्यमाची. दोन वर्षांत तिघांनी मिळून ६४ प्रश्न लिहिले होते, ज्याला जसे सुचले तसे. त्या रविवारी वर्ग सुटल्यावर आम्ही ठरवलं की आता नवा प्रश्न लिहायचा नाही, आधी प्रश्न कसे लिहायचे ते ठरवायचं. ते काम कसं केलं, काय जमलं आणि कोणते नियम टिकले ते इथे सांगते. तुमचा वर्ग चार मुलांचा असो की चाळीसचा, पद्धत हीच चालेल. (वहीतला कोड अर्थातच रोमन लिपीत असतो. इथे वाचायला सोपं जावं म्हणून सगळं देवनागरीत लिहिते आहे.)

मी स्वतः चोवीस वर्षं एका रसायनांच्या कारखान्यात कामाच्या लेखी सूचना तयार करत असे. एकदा एका पानावर ‘वॉल्व्ह बंद करा’ आणि पुढच्या पानावर त्याच कृतीसाठी ‘वॉल्व्ह पूर्ण फिरवा’ असं गेलं. रात्रपाळीच्या ऑपरेटरने फोन करून विचारलं, “मॅडम, दुसरीकडे वेगळं काही करायचंय का?” त्याने विचारलं ते अगदी योग्य होतं. सूचना वाचणारा माणूस शब्द बदलला की कृती बदलली असंच धरतो, आणि त्याने तसंच धरावं. कथा-कवितेत एकच शब्द पुन्हा पुन्हा आला की कानाला खटकतो, म्हणून शाळेत आपल्याला शब्द बदलून लिहायला शिकवतात. सरावप्रश्नात ती सवय सोडावी लागते. तिथे एका गोष्टीला एकच शब्द, प्रत्येक वेळी.

नियम लिहायच्या आधी

कोरा कागद घेऊन नियम लिहायला बसलात तर तुम्ही तुमच्या मनातले नियम लिहाल, मुलांना लागणारे नव्हे. म्हणून आधी सगळे जुने प्रश्न छापून घ्या. आम्ही ६४ पानं माडीच्या फरशीवर पसरली आणि तीन रंगांच्या पेन्सिली घेतल्या. लाल रंगाने क्रियापदं, म्हणजे विद्यार्थ्याला काय करायला सांगितलं आहे ते. निळ्याने नामं, म्हणजे व्हेरिएबल (किंमत ठेवायचं नाव), लिस्ट (किमतींची यादी) वगैरेंना काय म्हटलं आहे ते. हिरव्याने अपेक्षित उत्तराचा नमुना. दोन तासांत चित्र स्पष्ट झालं. पडद्यावर छापायला सांगण्यासाठी आम्ही पाच शब्द वापरले होते: छापा, दाखवा, द्या, सांगा, काढा. व्हेरिएबलला कुठे चल, कुठे चलपद, कुठे ‘डबा’ म्हटलं होतं. उत्तराचा नमुना कुठे चौकटीत, कुठे ओळीतच अवतरणात, आणि अकरा प्रश्नांना नमुनाच नव्हता.

याच बैठकीत आणखी एक करा. मुलं जिथे अडली ते प्रश्न आठवून त्यांच्यावर खूण करा. हजेरीवहीच्या मागे किंवा मुलांच्या वह्यांत खाडाखोड सापडते, ती पाहा. खूण पडलेल्या प्रश्नांपासून नियमांची सुरुवात करायची. जिथे कोणी अडलं नाही तिथला नियम मागे राहिला तरी बिघडत नाही.

क्रियापदं: इथे सगळ्यात जास्त वेळ द्या

माझ्या मते संपूर्ण नियमावलीतलं निम्मं काम इथेच आहे. पायथन शिकणारा विद्यार्थी पहिल्या तीन महिन्यांत ज्या गोष्टींत गोंधळतो त्यात छापणं आणि परत करणं यांतला फरक सगळ्यात वर असतो. प्रिंट पडद्यावर अक्षरं उमटवतं, माणसाला दिसावं म्हणून. रिटर्न मात्र उत्तर फंक्शनला हाक मारणाऱ्या कोडच्या हातात देतं, ते पुढे वापरता यावं म्हणून. ज्या फंक्शनमध्ये रिटर्न नाही ते ‘नन’ परत करतं. त्या मुलीला दिसलेला ‘नन’ तोच. आणि मराठीतलं ‘द्या’ हे क्रियापद या दोन्ही अर्थांना सारखंच लागू पडतं. ‘काढा’ त्याहून वाईट. बेरीज काढा म्हणजे मनात काढा, कागदावर काढा की पडद्यावर?

आम्ही ठरवलेली क्रियापदं अशी. ‘छापा’ म्हणजे प्रिंट, दुसरं काही नाही. ‘परत करा’ म्हणजे रिटर्न. ‘विचारा’ म्हणजे इनपुट वापरून वापरणाऱ्याकडून काही घ्या. ‘ठेवा’ म्हणजे व्हेरिएबलमध्ये किंमत घाला. ‘बदला’ म्हणजे आहे त्याच लिस्टमध्ये फेरफार करा. ‘नवी बनवा’ म्हणजे जुनी जशीच्या तशी राहू देऊन दुसरी तयार करा. ही शेवटची जोडी आम्हाला उशिरा सुचली. ‘लिस्ट क्रमाने लावा’ असं लिहिलं की काही मुलं सॉर्ट ही मेथड (लिस्टला जोडलेलं फंक्शन) वापरत, काही सॉर्टेड हे फंक्शन. पहिलं मूळ लिस्टच बदलतं आणि ‘नन’ परत करतं, तर दुसरं नवी लिस्ट परत करतं. दोन्ही मुलांना आपलं बरोबर वाटे, आणि प्रश्नाच्या शब्दांप्रमाणे दोघांचंही बरोबर होतं.

‘द्या’, ‘सांगा’, ‘काढा’, ‘दाखवा’, ‘मिळवा’ हे शब्द सूचनेच्या वाक्यातून काढून टाकले. ‘घ्या’ मात्र वादात अडकला. ‘दोन संख्या घेऊन’ म्हणजे इनपुटने विचारून की फंक्शनच्या कंसात आलेल्या? काकांचं म्हणणं, संदर्भावरून कळतं. तरुण मुलगा म्हणाला, काका, तुम्हाला संदर्भ माहीत आहे म्हणून कळतं. त्याचंच खरं होतं. आता फंक्शनच्या प्रश्नात ‘दिलेले’ असा वेगळा भाग असतो आणि त्यात कंसात काय येणार ते लिहितो. ‘घेऊन’ गेला.

तुमची यादी वेगळी असू शकेल. ‘परत करा’ऐवजी ‘परत द्या’ म्हणा, हरकत नाही. फक्त एकदा ठरलं की चौसष्टही ठिकाणी तेच.

‘ते’, ‘पर्यंत’ आणि ‘पहिला’

‘१ ते १० आकडे छापा.’ मराठी माणसाला यात काहीच शंका नाही, दहासुद्धा आला. पण ओळीने आकडे पुरवणाऱ्या रेंजच्या कंसात १ आणि १० घातले तर पायथन ९ वर थांबतो, कारण तिथे दुसरा आकडा धरला जात नाही. पहिल्या आठवड्यात मूल नेमकं इथेच पडतं, आणि ते पडणं त्याच्या शिकण्याचा भाग आहे. ते टाळायचं नाही. पण आपलं वाक्य मात्र दुअर्थी नसावं. म्हणून नियम: ‘१ ते १०, १० धरून’ असं पूर्ण लिहायचं, किंवा ‘१० सोडून’. नुसतं ‘पर्यंत’ वापरायचं नाही. ‘दहापर्यंत’ म्हटल्यावर दहा धरायचे की नाही यावर आमच्याच तिघांत एकमत झालं नाही, तिथे मुलांचं काय होणार?

तसंच ‘पहिला’. लिस्टमधल्या जागा ० पासून मोजल्या जातात. ‘लिस्टमधला पहिला घटक छापा’ म्हटलं की काही मुलं कंसात १ लिहितात आणि दुसराच घटक छापून येतो. आमचा नियम असा की ‘पहिला, दुसरा, शेवटचा’ हे शब्द नेहमी माणसाच्या मोजणीने वापरायचे आणि पायथनची मोजणी सांगायची असेल तेव्हा ‘० क्रमांकाची जागा’ असं लिहायचं. ‘पहिला क्रमांक’ हा शब्दप्रयोग पूर्ण बंद, कारण तो दोन्हीकडे लागतो.

कोणता शब्द, मराठी की इंग्रजी?

यावर आम्ही तीन रविवार घालवले. काकांना चल, यादी, आवर्तन असे शब्द हवे होते. तरुण मुलाला व्हेरिएबल, लिस्ट, लूप. काकांनी तेव्हा सांगितलेली एक गोष्ट मला फार पटली. सयाजीराव महाराजांच्या राज्यात हाच प्रश्न कारभारात आला होता. कचेरीतला एकच शब्द कोणी गुजरातीत वेगळा लिही, कोणी मराठीत. म्हणून महाराजांनी ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरू’ हा कोश करवून घेतला. १९३१ साली तो निघाला. इंग्रजी शब्दासमोर गुजराती, मराठी, संस्कृत, हिंदी आणि आणखीही भाषांतले प्रतिशब्द ओळीने मांडलेले. काकांना म्हणायचं होतं की बघा, आपल्याच गावात आपल्या भाषेत शब्द घडवायची परंपरा आहे. मी त्यातून दुसरी गोष्ट उचलली. शब्द कुठून आला यापेक्षा तो एका ठिकाणी लिहून ठेवलेला असणं महत्त्वाचं, म्हणजे दुसऱ्या टेबलावरचा माणूसही तोच वापरील.

शेवटी वाटणी अशी झाली. जो शब्द पायथनच्या चुकीच्या संदेशात किंवा कोडमध्ये मुलाला दिसणारच आहे, तो इंग्रजीच: लिस्ट, फंक्शन, लूप, इंडेक्स (जागेचा क्रमांक), स्ट्रिंग (अक्षरांचा मजकूर). मूल वर्गात ‘यादी’ शिकेल आणि पडद्यावर लिस्टबद्दलची चूक वाचेल, तर मधला पूल त्याला एकट्याला बांधावा लागेल. ज्या कल्पनेला कोडमध्ये दिसणारा शब्द नाही तिथे मराठी: किंमत, जागा, घटक, अट, बेरीज, उरलेली बाकी. व्हेरिएबल हा शब्द कोडमध्ये येत नाही, तरी तो इंग्रजीच ठेवला, कारण शाळेत सगळ्यांच्या कानावर तोच आहे. आमची शब्दसूची २६ शब्दांची आहे. प्रत्येक शब्दापुढे ‘हा वापरा’, ‘हे वापरू नका’ आणि एका ओळीचा अर्थ. सूची लांबवू नका. पन्नासच्या वर गेली की लिहिणारा ती उघडून पाहत नाही.

व्हेरिएबलच्या नावांचा प्रश्न वेगळा. पायथन तीन या आवृत्तीपासून देवनागरी नावं चालतात. ‘एकूण_रक्कम’ असं नाव देवनागरीत टाइप केलं तरी कोड धावतो. मुलांना हे दाखवा, त्यांचे डोळे चमकतात. पण रोजच्या प्रश्नांत आम्ही ते ठेवलं नाही. इफ, फॉर, प्रिंट रोमन आणि नावं देवनागरी, म्हणजे ओळीत चार वेळा कीबोर्ड बदलायचा. रोमन लिपीत मराठी नावं हा त्याहून वाईट मार्ग निघाला. ‘रक्कम’ कोणी एका के ने लिही, कोणी दोन, कोणी शेवटी ए जोडी, आणि पायथन म्हणे असं नावच माहीत नाही. आता प्राइस, टोटल, काउंट, नेम असे छोटे इंग्रजी शब्द, ठरलेल्या सूचीतून.

प्रश्नाचा सांगाडा

प्रत्येक प्रश्नाचे भाग तेच आणि त्याच क्रमाने हवेत. मुलाची नजर कुठे जाईल हे त्याला शिकवावं लागत नाही, सवय लागते. त्या सतराव्या प्रश्नाच्या जागी आता हा प्रश्न आहे:

प्रश्न १७. सेव-उसळीचे बिल
काय करायचे: प्लेटचा दर आणि प्लेटांची संख्या यांवरून बिलाची रक्कम परत करणारे ‘बिल’ नावाचे फंक्शन लिहा. फंक्शनने काहीही छापू नये.
दिलेले: दर (पूर्णांक, रुपयांत), प्लेट (पूर्णांक, ० किंवा जास्त).
नमुना: बिल(४०, ३) हे १२० परत करते. बिल(४०, ०) हे ० परत करते.
लागणारे: फंक्शन, रिटर्न, गुणाकार.
मदत: पान ४१.

प्रत्येक भागामागे कारण आहे. शीर्षक छोटं आणि गोष्टीचं, ‘फंक्शन सराव ३’ असं नाही, कारण मुलं पुढे ‘ते सेव-उसळवालं’ असंच म्हणतात. ‘काय करायचे’ यात एकच मुख्य क्रियापद. दोन कामं असतील तर दोन प्रश्न करा. नमुन्यात किमान दोन उदाहरणं, त्यांतलं एक काठावरचं: शून्य, रिकामी लिस्ट, एकच घटक. ‘लागणारे’मध्ये अजून न शिकवलेली एकही गोष्ट येता कामा नये. हा भाग मी आग्रहाने घातला आणि त्यामुळे सात प्रश्न वहीत चुकीच्या जागी असल्याचं कळलं. मदत त्याच पानावर नको, नजर आपोआप तिकडे जाते.

प्रश्नातली गोष्ट ओळखीची ठेवा, पण तिचे नियम माहीत असल्याशिवाय सुटणार नाही अशी ठेवू नका. क्रिकेटच्या सरासरीचा एक प्रश्न आमच्याकडे होता. नाबाद डाव कसा मोजायचा हे ठाऊक नसलेल्या मुली पायथनपाशी पोहोचल्याच नाहीत. गरब्याचे पास, कमाटीबागेची सहल, पतंगाची फिरकी हे सगळ्यांना येतं.

नमुना हाताने टाइप करू नका

उत्तराचा नमुना कायम कोड चालवून तिथून उचला. मनाने लिहिला की चुकतो. दहा भागिले दोन आपण ५ लिहितो, पायथन तीन ५.० छापतो. शंभर रुपये तिघांत वाटले तर आपण ३३.३३ लिहितो, पडद्यावर ३३.३३३३३३३३३३३३३३६ येतं. मुलाला वाटतं आपलं चुकलं. अडीच पूर्णांकात आणण्यासाठी राउंड वापरलं तर ३ नव्हे, २ येतं, कारण बरोबर मधल्या आकड्याला पायथन जवळच्या सम संख्येकडे नेतो. यातलं काही शिकवायचं असेल तर तो स्वतंत्र प्रश्न करा आणि तसं सांगा. एरवी आकडेच असे निवडा की भागाकार नीट जाईल, किंवा दशांशानंतर दोन स्थळं छापायला स्पष्ट सांगा.

प्रिंटमध्ये स्वल्पविरामाने दोन गोष्टी दिल्या की मधे एक मोकळी जागा आपोआप येते. ‘एकूण:’च्या पुढे जागा आहे की नाही यावर तपासणी अडते, म्हणून नमुना नेहमी वेगळ्या चौकटीत आणि सारख्या रुंदीच्या अक्षरांत. वापरणाऱ्याने टाइप केलेलं ठळक आणि त्यापुढे बाणाची खूण. आधी आम्ही ते फक्त निळ्या रंगात दाखवत होतो. मुलं झेरॉक्स काढून नेतात, तिथे निळं आणि काळं एकच.

मराठी मजकुराचे प्रश्न घालणार असाल तर आणखी जपून. ‘इंदूर’ या शब्दाची लांबी लेन या फंक्शनने मोजली तर ५ येते: इ, अनुस्वार, द, दीर्घ उकार, र. मूल तीन म्हणतं आणि त्याच्या परीने ते बरोबरच आहे. शब्द उलटा करायला सांगितला तर ‘रूदंइ’ छापलं जातं, उकार र ला जाऊन चिकटतो. आमचा नियम: अक्षरं मोजण्याचे आणि उलटवण्याचे प्रश्न रोमन शब्दांवर, आणि देवनागरीवरचा एकच प्रश्न मुद्दाम शेवटी, जिथे हे असं का होतं तेच शोधायचं आहे. आकड्यांचंही तसंच. इनपुटमध्ये मुलाने देवनागरी ५० टाइप केले आणि मजकुराचा पूर्णांक करणारं इंट वापरलं तर पायथन ते नीट पन्नास समजतो, पण कोडच्या ओळीत देवनागरी ५० लिहिलं तर चूक दाखवतो. म्हणून कोड आणि नमुना दोन्हींत इंग्रजी आकडे, सूचनेच्या वाक्यातही तेच.

कोडची मांडणी

इथे नवं काही शोधू नका. पायथनच्या कोडसाठी पेप आठ नावाचे नियम २००१ पासून आहेत, तेच घ्या: आत सरकवायला चार मोकळ्या जागा, नावं लहान अक्षरांत आणि शब्दांमध्ये खालची रेघ. ओळीची मर्यादा तिथे ७९ अक्षरांची आहे. आमची वही अर्ध्या आकाराच्या कागदावर छापते, म्हणून आम्ही ६० ठेवली. एकेरी अवतरण की दुहेरी यावर पेप आठ सक्ती करत नाही, एक निवडून त्याला चिकटा एवढंच म्हणतो. आम्ही दुहेरी घेतलं. टॅब आणि मोकळ्या जागा यांची सरमिसळ पायथन तीनला चालत नाही, तेव्हा संपादकात (कोड लिहायच्या सॉफ्टवेअरमध्ये) टॅबच्या जागी चार मोकळ्या जागा पडतील अशी सोय आधीच करून घ्या.

एक गोष्ट मात्र कुठल्या नियमात सापडणार नाही. प्रश्न आम्ही लेखनाच्या साध्या सॉफ्टवेअरमध्ये टाइप करायचो. ते सरळ अवतरणचिन्हं आपोआप वळणदार करतं. मुलाने तिथून कोड उचलून चिकटवला की पायथन पहिल्याच ओळीला अडतो, आणि डोळ्यांना फरक दिसतही नाही. एका मुलाचे दोन दिवस यात गेले. आता कोड पायथनच्या संपादकातच लिहितो आणि वहीत चिकटवायच्या आधी ती आपोआप वळवण्याची सोय बंद करतो. चूक शोधायच्या प्रश्नांत कोड मुद्दाम बिघडलेला असतो, तिथे वर ‘या कोडमध्ये चूक आहे’ असं लिहिणं सक्तीचं.

तू की तुम्ही, केले की केलं

वर्गात मी मुलांना तू म्हणते, वहीत तुम्ही. लिहा, छापा, परत करा. शिवाय ‘तू लिहिलंस’ चालतं, पण ‘तू अडलास’ की ‘अडलीस’ हा प्रश्न येतो. ‘तुम्ही अडलात’ सगळ्यांना सामावतं. बोलताना मी केलं, झालं म्हणते आणि इथे लिहितेही तसंच. वहीत मात्र केले, झाले. आमच्या मुलांचं देवनागरी वाचन बरंचसं शाळेतल्या हिंदीवर बसलेलं आहे. शेवटचा अनुस्वार दिसला की ती नाकातून वाचतात आणि अर्थापाशी थबकतात. तुमच्या गावी मुलं मराठी शाळेतली असतील तर उलटं ठरवा, फक्त ठरवा.

कागदावर उतरवताना

नियमावली दोन पानांची. प्रत्येक नियमासोबत ‘असे नको’ आणि ‘असे’ ही जोडी, दोन्ही आपल्याच वहीतल्या खऱ्या प्रश्नांतून. उदाहरण नसलेला नियम प्रत्येक जण आपापल्या सोयीने वाचतो. नियमामागचं कारण मात्र नियमावलीत नको. त्यासाठी वेगळी निर्णयवही ठेवा: तारीख, काय ठरलं, का, कोणाचं वेगळं मत होतं. सहा महिन्यांनी ‘घेऊन’चा वाद पुन्हा निघाला तेव्हा पान उघडलं आणि पाच मिनिटांत विषय मिटला. वाद कितीही होवोत, शेवटचा हात एकाचाच फिरला पाहिजे. आमच्याकडे तो सध्या तरुण मुलाचा आहे.

नवा नियम कधी घालायचा याची अट ठेवा. आमची अट अशी की दोन वेगवेगळी मुलं एकाच कारणाने अडली तरच. आपल्याला एखादं वाक्य आवडत नाही, एवढ्यावर नाही.

पाळले जातात की नाही हे पाहायला जे यंत्राला जमतं ते यंत्राला द्या. कोडची मांडणी ब्लॅक नावाचं मोफत साधन एका फटक्यात सारखी करतं. ते मुळात ८८ अक्षरांची ओळ धरतं, ती मर्यादा बदलता येते. नमुने अजून चालतात का हे पायथनसोबतच येणाऱ्या डॉकटेस्टने पाहता येतं. आम्ही दर सत्राआधी सगळी उत्तरं एकदा चालवून घेतो. क्रियापदं तपासायला कोणी लागतंच. ज्याने प्रश्न लिहिला नाही त्याने तो सोडवायचा, मोठ्याने वाचत, आणि लिहिणाऱ्याने तोंड उघडायचं नाही. काकांना आणि मला हे सुरुवातीला फार जड गेलं, पण याच्याइतकं उपयोगी दुसरं काही सापडलं नाही.

जुने ६४ प्रश्न एकदम बदलायला जाऊ नका. आम्ही आठवड्याला चार घेतले, खूण पडलेले आधी. चार महिने लागले.

नवीन शिक्षक आला की त्याला ही दोन पानं आणि एक न बदललेला जुना प्रश्न द्या आणि तो नियमांप्रमाणे लिहून आणायला सांगा. तो जिथे थांबून विचारील तिथे नियमावलीत भोक आहे. गेल्या महिन्यात आलेल्या मुलीने विचारलं, “ताई, नमुन्यात एक रिकामी ओळ छापून यायची असेल तर ती आहे हे वाचणाऱ्याला कळणार कसं? त्याला वाटेल छपाईत जागा सुटली.” आमच्या तिघांच्याही ते लक्षात आलं नव्हतं. आता चौकटीतल्या ओळींना डावीकडे बारीक क्रमांक असतात. रिकाम्या ओळीलाही तिचा क्रमांक मिळतो.